काचेवरचे शंभर

रात्रपाळीत मी शंभर मोजते.
खडकीच्या लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
काचेवर पसरलेल्या एका थेंबातल्या
शंभर पांढऱ्या पेशी, बोटाखालच्या खटक्यावर:
खट् न्यूट्रोफिल, खट् न्यूट्रोफिल, खट्.
धडधाकट माणसात तीसेक वेळा तरी
वाजायला हवा शेजारचा खटका,
लिम्फोसाइटचा.

बेड एक्केचाळीसच्या काचेवर तो चारदा वाजला.
मी पुन्हा मोजलं.
चार.

"गेले कुठे बाकीचे?"
उकिडवे मॅडम मास्क खाली करून गार चहा प्यायल्या.
"काही मेले. काही फुफ्फुसात गेलेत.
उरलेत ते दमलेत गं, शमशाद."

अब्बा दारूगोळा कारखान्यात होते,
भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लागायचं.
हा विषाणू, मॅडम म्हणाल्या,
आत शिरला की आधी भोंग्याचीच वायर कापतो.
पेशी ओरडतच नाही. इंटरफेरॉन नावाची तिची हाक
शेजारच्या भिंतीपर्यंतही पोचत नाही.
आठवडाभर सगळं शांत. माणूस म्हणतो,
कणकण आहे, पेज प्यायली की उतरेल.
मग एका रात्री
सगळे भोंगे एकदम.

खडकवासल्यातून थोडं थोडं सोडलं
तर मुठा काठ धरून जाते.
अडवून अडवून मध्यरात्री सोडलं
की आधी भिडे पूल, मग पार्किंगमधल्या गाड्या,
मग तळमजल्यावरची झोपलेली माणसं.
पाणी परकं नसतं. आपलंच, प्यायचं.
एक्केचाळीसच्या छातीत असंच
घरचं पाणी शिरलं होतं.

त्याला पालथं झोपवलं.
मुलगा एका महागड्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन
कोंढव्यापासून निगडीपर्यंत फिरला,
दोन फोन नंबर आणि एक "उद्या बघू" घेऊन परतला.
मिळालं ते साधं स्टेरॉइड,
वडापावच्या भावातलं.

गलका करणाऱ्या वर्गात
मास्तरांनी टेबलावर आपटावं डस्टर, तसं ते.
पण तिसऱ्याच दिवशी आपटलं,
तर जी दोन-चार पोरं खरंच अभ्यास करत होती
तीही पाटी मिटून बसतात.
नवव्या-दहाव्या दिवशी, श्वास अडल्यावर दिलं, तर कदाचित श्वास.
कुपी तीच.
आणि फुकट नाहीच काही:
त्याची साखर तीनशे चाळीसवर गेली,
गालाआड काळी बुरशी धरत नाही ना म्हणून
सिस्टर रोज नाकात टॉर्च मारायची.

सहा.
नऊ. परत सात.
अकरा.
अठरा वाजले त्या पहाटे मी
रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने
एक बारीक बरोबरची खूण केली.
नियमात बसत नाही ते.

दिवाळीनंतर एक गृहस्थ आले, हातात फुगलेली फाइल.
हुलावळे. नाव मला नवीन,
जुन्या कागदावरचा बेड नंबर नाही.
"सगळं नॉर्मल म्हणतात हो,
पण पर्वतीच्या तिसाव्या पायरीला बसावं लागतं.
गॅस बंद केला का, ते बायकोला विचारावं लागतं."

मॅडमना विचारलं.
म्हणाल्या, कुठेतरी तो भोंगा बारीक वाजत राहिलाय,
कुणाकुणाच्या शरीरात तर पहारेकऱ्यांनी
घरच्यांच्याच नावाची वॉरंटं काढलीत.
कापलेली हाक बाहेरून, सुरुवातीलाच
द्यायचे प्रयोग चाललेत,
थकलेल्यांना उठवायचेही. सांगण्यासारखं अजून
नक्की काही नाही.
मग बराच वेळ त्या काच पुसत राहिल्या.

हुलावळेंनी बाही वर केली. शीर सापडेना.
"मूठ आवळा," मी म्हटलं.
"आपण भेटलोय का आधी?"
"नाही."
काय सांगणार होते? की तुमचे चार
मी दोनदा मोजले होते?

संध्याकाळी अठ्ठावीस निघाले.
अठ्ठावीस म्हणजे नॉर्मल.
छापील चौकटीत आकडा लिहिला,
खाली सही केली, श. तांबोळी.
पायऱ्यांसाठी
रिपोर्टात रकाना नाही.